घराचे काम कोणाच्या हाती सोपवावे?

दिवाळी उलटून पावसाची धास्ती गेली की गोमंतकातील खेड्यापाड्यांतून बांधकामाचा हंगाम सुरू होतो. चिऱ्यांनी भरलेले ट्रक वाड्यावाड्यांवर येऊ लागतात, अंगणात वाळूचे ढीग पडतात आणि कोणाच्या घरावर माडी, कोणाच्या परसात स्नानगृह, तर कोणाच्या जुन्या कौलारू घराच्या जागी स्लॅबचे नवे घर उभे राहू लागते. या प्रदेशात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो; तेव्हा मृगाच्या आत छप्पर पुरे व्हावे ही प्रत्येकाची घाई स्वाभाविकच होय. या घाईत घरधनी कंत्राटदाराला दोन प्रश्न हमखास विचारतो : चौरस मीटरमागे दर काय, आणि काम किती दिवसांत पुरे होईल? तिसरा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. काम चालू असताना कोणी परातीवरून पडला, काही कोसळले, कोणाला विजेचा धक्का बसला, तर त्याची जबाबदारी कोण घेणार? प्रस्तुत लेखकानेही आपल्या घराच्या दुरुस्तीच्या वेळी हा प्रश्न विचारला नव्हता. सुदैवाने काही घडले नाही, इतकेच.

दि. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोण येथील चावडीवर बांधकाम चालू असलेली पाच मजली इमारत दुपारच्या वेळी कोसळली आणि ३१ जणांना प्राणास मुकावे लागले. त्यांपैकी बहुतेक जण पोटासाठी परप्रांतांतून आलेले कामगार होते. ढिगारा उपसण्याचे काम कित्येक दिवस चालले होते. ती दुर्घटना गोमंतकीय अजून विसरलेले नाहीत. परंतु ती एक मोठी इमारत होती म्हणून तिची वार्ता देशभर गेली. एकट्यादुकट्या घराच्या कामावर होणारा अपघात वृत्तपत्राच्या आतल्या पानावर दोन ओळींत येतो आणि दुसऱ्या दिवशी विसरला जातो. तो विसरत नाहीत ते फक्त दोन कुटुंबांतील लोक : ज्याचा माणूस गेला ते, आणि ज्याच्या घराच्या कामावर तो गेला ते.

समजा, एखाद्या गावातील निवृत्त शिक्षकाने आपल्या घरावर माडी चढविण्याचे ठरविले. ओळखीच्या मुकादमाशी तोंडी बोलणे झाले. साहित्य घरधन्याचे, मजूर मुकादमाने आणायचे, आणि दर शनिवारी रोजंदारीचे पैसे घरधन्याने मोजून द्यायचे, असे ठरले. ही पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि ती स्वस्तही वाटते. आता या कामावर तीस वर्षांचा एक मजूर दुसऱ्या मजल्यावरून पडून मरण पावला तर काय होईल? मुकादम म्हणेल, मी केवळ माणसे आणून दिली, मजुरी तर मास्तरच देत होते. मुकादमाकडे नोंदणी नाही, कार्यालय नाही, विमा नाही. आठ दिवसांत तो दुसऱ्या तालुक्यात कामाला लागलेला असेल. मजुराची पत्नी दावा करील तो कोणावर?

कामावर असता कामगारास अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व या देशात १९२३ सालच्या कायद्यापासून चालत आले आहे. त्या कायद्यात पूर्वी अशी एक तरतूद होती की, ज्याची नेमणूक नैमित्तिक स्वरूपाची आहे आणि मालकाच्या धंद्याच्या कामासाठी केलेली नाही, अशा माणसास कामगार मानू नये. घरकामावरील रोजंदार मजूर या तरतुदीमुळे पुष्कळदा कायद्याबाहेर राहत असे. सन २००० च्या दुरुस्तीने ते शब्द गाळण्यात आले. पुढे दि. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली; भरपाईचे मूळ तत्त्व मात्र तेच राहिले. याचा अर्थ असा की, ज्याने मजूर स्वतः लावले आणि स्वतः मजुरी दिली त्या घरधन्यावर मालक या नात्याने दावा येण्याचा मार्ग मोकळा असतो. न्यायनिर्णय काय होईल हे त्या त्या प्रकरणातील पुराव्यावर अवलंबून राहील. परंतु निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला निर्णयाची वाट पाहत वर्षे काढणे हीच मोठी शिक्षा होय.

भरपाईची रक्कम किती होते, याची बहुतेकांस कल्पना नसते. मृत्यू आल्यास मासिक वेतनाचा निम्मा भाग घेऊन त्यास वयानुसार ठरविलेल्या गुणकाने गुणावयाचे असते. तीस वर्षे वयाचा गुणक २०७.९८ आहे. हिशेबापुरते मासिक वेतन १५,००० रुपये धरले, तर निम्मे वेतन ७,५०० रुपये, आणि भरपाई १५,५९,८५० रुपये. मजूर जगला परंतु कायमचा पूर्णतः अपंग झाला तर निम्म्याऐवजी वेतनाचा साठ टक्के भाग धरतात. त्याच हिशेबाने ती रक्कम १८,७१,८२० रुपये होते. वाचकांस यात विसंगती वाटण्याचा संभव आहे, पण ती विसंगती नाही. अंथरुणास खिळलेल्या माणसास अन्न, औषध आणि शुश्रूषा लागते. देय झालेली भरपाई महिन्याच्या आत दिली नाही, तर शेकडा १२ दराने व्याज द्यावे लागते, आणि समर्थनीय कारणावाचून विलंब झाल्यास भरपाईच्या निम्म्यापर्यंत अधिक रक्कम भरण्याचा आदेशही होऊ शकतो. माडीच्या एकंदर खर्चाइतकी रक्कम अशा रीतीने एका दुपारी अंगावर येऊ शकते.

येथे आणखी एका गैरसमजाचा उल्लेख करणे इष्ट होईल. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी बांधकामाच्या खर्चावर जो उपकर घेतला जातो, त्यातून स्वतःच्या राहत्या घराचे लहान काम वगळलेले आहे. १९९६ च्या कायद्यात ही मर्यादा दहा लाख रुपयांची होती, नव्या संहितेत ती पन्नास लाखांची आहे. ‘आपले काम लहान, आपल्याला कायदा लागू नाही’ असे जे ऐकू येते त्याचे मूळ या सवलतीत आहे. परंतु उपकरातून सूट मिळणे वेगळे आणि अपघाताच्या भरपाईतून सुटका होणे वेगळे. पहिल्यावरून दुसरे निघत नाही. तसेच घराला लागून पर्यटकांसाठी भाड्याच्या खोल्या बांधणाऱ्यांनी विशेष सावध असावे. धंद्याचा भाग म्हणून कंत्राटदाराकरवी काम करवून घेणाऱ्यावर, मजूर कंत्राटदाराचे असले तरीही, भरपाईची जबाबदारी येऊ शकते. किनारपट्टीच्या गावांतून अशा खोल्या घरोघरी उभ्या राहत आहेत.

आता विम्याकडे वळू. विमा उतरविलेला कंत्राटदार म्हणजे ज्याच्याकडे कोणतीतरी पॉलिसी आहे असा कंत्राटदार नव्हे. पुष्कळदा ट्रकच्या अथवा मिक्सर वाहून नेणाऱ्या गाडीच्या विम्याचा कागद पुढे केला जातो. त्याचा कामावरील मजुराशी काही संबंध नसतो. पाहावयाची ती कर्मचारी नुकसानभरपाईची पॉलिसी. तीत विमेदाराचे नाव, मुदत, कामगारांची संख्या व वर्ग, त्यांच्या वेतनाची एकंदर रक्कम आणि कामाचे ठिकाण नमूद असते. दहा कामगारांचा विमा आणि स्लॅबच्या दिवशी कामावर पंचवीस माणसे, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. सेंट्रिंगची टोळी सहसा पोटकंत्राटदाराची असते, आणि तशी स्पष्ट नोंद नसेल तर ती टोळी विम्याबाहेर राहण्याचा संभव असतो. वस्तुतः सर्वांत धोक्याचे काम तिचेच! मुदतीची तारीख काम पुरे होण्याच्या पलीकडची आहे की नाही, हेही पाहावे. पॉलिसीची केवळ प्रत घेऊन न थांबता ती ज्या विमा कंपनीची आहे तिच्या शाखेत चौकशी करणे अवघड नसते. मात्र संकोचामुळे ती कोणी करीत नाही.

बांधकाम, साहित्य आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे होणारे नुकसान यांसाठी कंत्राटदाराची सर्वजोखीम पॉलिसी म्हणून दुसरा प्रकार असतो. पाया खणताना शेजाऱ्याच्या भिंतीस तडा गेला, वरून पडलेल्या चिऱ्याने कोणाचे वाहन फुटले, तर तिचा उपयोग होतो. लहान कामांसाठी ती प्रत्येक वेळी घेतली जात नाही, पण दाट वस्तीत, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरी ती अवश्य मागावी. घरधन्याच्या स्वतःच्या घराचा विमा या कामी येत नाही. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी घर आणि घरातील वस्तू यांसाठी आहे, त्या घरावर काम करणाऱ्या गवंड्यासाठी नव्हे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाख रुपयांचा अपघात विमा मिळतो व १८ ते ७० वयाच्या बँक खातेदारास त्यात सामील होता येते. प्रत्येक मजुराने ती घ्यावी, घरधन्याने त्यास तसे सांगावे. परंतु दोन लाख आणि वर हिशेब केलेले साडेपंधरा लाख यांतील अंतर कोणाच्याही लक्षात येईल.

कंत्राटदाराने विमा उतरविलेला असेल तर त्याचा दर थोडा अधिक असतो, ही गोष्ट खरी आहे. स्वस्त दराच्या निविदेत तो खर्च वाचविलेला नसतो, तर तो धोका न बोलता घरधन्याच्या आणि मजुराच्या पदरी टाकलेला असतो. दोन दरपत्रकांची तुलना करताना हे ध्यानात घ्यावे. विमा नसलेल्या पण कामात वाकबगार अशा ओळखीच्या माणसालाच काम द्यावयाचे असेल, तर त्या कामापुरती पॉलिसी त्याच्या नावे काढून तिचा हप्ता आपण सोसावा, हा मार्ग उरतोच.

परवान्याविषयी मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण या शब्दाने पुष्कळ घोटाळा होतो. वैद्य किंवा वकील यांना जशी परीक्षेअंती सनद मिळते तशी खाजगी घर बांधणाऱ्या सर्वसाधारण कंत्राटदारास आपल्याकडे मिळत नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याकडे कंत्राटदारांची वर्गवार नोंदणी असते; ती सरकारी कामांसाठी असून, कंत्राटदाराने पूर्वी किती मोठी कामे केली आणि त्याची आर्थिक ऐपत काय, याचा अंदाज तिच्यावरून येतो. पंचायतीचा अथवा नगरपालिकेचा बांधकाम परवाना हा घरधन्याला घरासाठी मिळतो, तो कंत्राटदाराच्या कौशल्याचा दाखला नव्हे. वास्तुशिल्पज्ञ म्हणविणारा माणूस १९७२ च्या कायद्यान्वये वास्तुकला परिषदेकडे नोंदलेला असावा लागतो. अभियंता आणि संरचना अभियंता यांची नोंदणी नगरनियोजन खात्याकडे असते. घराच्या मजबुतीची जबाबदारी आपल्या सहीने स्वीकारणारा माणूस तो हाच, संरचना अभियंता. त्याची सही केवळ मंजुरीच्या कागदापुरती न घेता पायाच्या वेळी आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी त्यास जागेवर आणावे. त्याच्या फेरीचे शुल्क एकंदर खर्चात नगण्य असते.

यावर कोणी म्हणेल की, आमच्या आजोबांनी बांधलेल्या घराला कोठे अभियंता होता? हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. चिऱ्यांच्या भिंती, लाकडी वासे आणि कौले यांची घरे आपल्या गवंड्यांनी व सुतारांनी अशी बांधली की त्यांतील कित्येक शंभर पावसाळे झेलून उभी आहेत. परंतु त्या कामात दोष राहिला तर तो डोळ्यांना दिसत असे. भिंत बाहेर झुकली, वाशाला वाळवी लागली, कौल सरकले, की घरातल्या म्हाताऱ्यालाही ते कळत असे, आणि दुरुस्तीला अवधी मिळे. सिमेंट काँक्रीटचे तसे नाही. सळई किती जाडीची, कोठे वाकविली, तिच्यावर काँक्रीटचे आवरण किती, मिश्रणात पाणी किती ओतले, हे सारे एकदा स्लॅब पडला की कायमचे झाकले जाते. काम सोपे व्हावे म्हणून मजूर पाणी वाढवितो आणि काँक्रीट कमजोर होते, पण वरून ते गुळगुळीतच दिसते. टेकूंचे उदाहरण घ्या. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साधे पोर्टलंड सिमेंट वापरले असता ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस ठेवावे लागतात. तुळईच्या बाबतीत ६ मीटरपर्यंत चौदा आणि त्यापुढे एकवीस दिवस. आज बाजारात मिळणारे सिमेंट बहुधा राख किंवा धातुमळी मिसळलेले असते; त्यास बळ येण्यास अधिक वेळ लागतो. सेंट्रिंगचे सामान भाड्याचे असते, पुढच्या कामावर ते हवे असते, म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी टेकू काढण्याचा मोह होतो. तो मोह आवरणारा जबाबदार माणूस कामावर असणे, हाच जाणकार कंत्राटदाराचा खरा उपयोग आहे. नोंदणीकृत कंत्राटदार कधीच चुकत नाही असे नव्हे. पण तो चुकला तर त्याचे नाव, पत्ता आणि सही असलेला कागद आपल्या हाती असतो.

विजेच्या कामाची गोष्ट सर्वस्वी वेगळी आहे. तेथे परवाना ऐच्छिक नाही. दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर घरातील तारांचे नवे काम, वाढीव काम अथवा दुरुस्ती राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदाराकडूनच आणि सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच करून घ्यावी, असा नियम आहे. वीज खात्याकडे जोडणी मागताना त्या कंत्राटदाराचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. होते असे की, काम गावातील हुशार मुलगा करतो आणि अहवालावर परवानाधारकाची सही पैसे देऊन आणली जाते. या सहीने वीज खात्याचे समाधान होते, परंतु भूयोजन तपासलेले नसते आणि न्हाणीघरातील गीझर पहिल्याप्रमाणेच धोकादायक राहतो. सही करणारा माणूस घरी येऊन मोजमापे घेतो की नाही, हे घरधन्याने स्वतः उभे राहून पाहावे. गळती होताच ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे उपकरण मुख्य फलकावर बसवून घ्यावे.

बांधकाम चालू असताना घराजवळून जाणाऱ्या तारा हा दुसरा धोका. नियमाप्रमाणे इमारतीपासून कमी दाबाची उघडी तार बाजूने १.२ मीटर आणि वरून २.५ मीटर दूर असावी लागते. ११ किलोव्होल्टच्या वाहिनीसाठी बाजूचे अंतर तेवढेच, पण वरचे ३.७ मीटर. एकमजली घर बांधले तेव्हा हे अंतर पुरेसे होते. माडी चढली की ते संपते. त्यात बांधकामाची सळई १२ मीटर लांबीची येते. ती गच्चीवर ओढून घेताना तिचे दुसरे टोक तारेला लागले, तर सळई धरणाऱ्या कोणालाही सुटका नसते. माडीचे काम काढण्यापूर्वी वीज खात्याकडे लेखी अर्ज करून तार हलवून अथवा वेष्टित करून घ्यावी. अर्जाची पोच जपून ठेवावी.

करारपत्र लांबलचक असावे लागत नाही. कामाचे वर्णन, साहित्याचा दर्जा, दर, मुदत, पैसे देण्याचे टप्पे, मजूर कंत्राटदाराचे असून त्यांची मजुरी व अपघाताची जबाबदारी त्याची, आणि पॉलिसीचा क्रमांक व तिची मुदत, इतके लिहिले तरी पुरे. एकंदर रकमेपैकी पाच ते दहा टक्के एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवावेत. गोमंतकात छपराची परीक्षा श्रावणातच होते. पैसे बँकेमार्फत द्यावेत. घरबांधणीची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते. दोष राहिल्यास, मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर, जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार नेता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यास शुल्क पडत नाही. परंतु आयोगासमोर पावती आणि करारपत्र लागते. ‘तोंडी ठरले होते’ या वाक्यावर तक्रार उभी राहणे कठीण.

शेवटी एका साध्या वहीविषयी. कामावर येणाऱ्या प्रत्येक मजुराचे पूर्ण नाव, वय, मूळ गाव, जिल्हा, घरच्या माणसाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक त्या वहीत लिहावा. रोजची हजेरी मांडून तिच्यावर कंत्राटदाराची सही घ्यावी. काम कंत्राटदाराकडे दिलेले असले तरीही ही वही घरधन्याने ठेवावी. परप्रांतीय मजुराला मुकादम पुष्कळदा केवळ टोपणनावाने ओळखतो. अपघात झाल्यावर रुग्णालयातील नोंदणीच्या खिडकीपाशी नाव विचारले जाते, पोलीस गाव विचारतात, विमा कंपनी त्या दिवशीची हजेरी विचारते, आणि बरोबरचे सोबती घाबरून पांगलेले असतात. वही असेल तर दूरच्या एखाद्या गावी त्याच रात्री निरोप पोहोचू शकतो.